दगड मोजून ठेवा! आडरस्त्याला डिझेल गाडी बंद पडते तेव्हा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त मधले ‘अं... अं...’ काढून टाकलेत.)

मी बोलतोय सोलापुरातून, आपल्या नवी पेठेतून. नेहमीचीच जागा, कापडाच्या दुकानावरची माडीची खोली. खिडकी बंद केलीय, पंखा बंद केलाय, तरी मागे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. संध्याकाळचे साडेसात वाजलेत, सणाचे दिवस जवळ आलेत, आणि या वेळेला नवी पेठेत शांतता मागणं म्हणजे हुरडा पार्टीला जाऊन वरण-भात मागण्यासारखं आहे.

तर मागच्या भागात मी विचारलं होतं, दिवाळीच्या सुट्टीत कुठं निघालाय? भरपूर व्हॉइस नोट आल्या. कुणी हंपीला चाललंय, कुणी बदामीला, कुणी थेट गोव्याला. आणि बऱ्याच जणांकडं घरची डिझेल गाडी आहे. काकांची जीप, मामाची बोलेरो, मित्राच्या वडिलांची स्कॉर्पिओ. त्यातच एका मैत्रिणीनं विचारलंय, “दादा, रात्री मध्येच कुठंतरी गाडी बंद पडली तर पहिल्यांदा काय करायचं?”

पहिल्यांदा काय करायचं आणि शेवटी काय करायचं, या दोन्हींची उत्तरं मला माहीत आहेत. पहिलं मला मामानं शिकवलं. शेवटचं मी विसरलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसानं मोजली. आज तीच गोष्ट सांगतो. गोष्ट ट्रकची आहे, पण तुमच्या गाडीलाही लागू पडते. आणि जिथं लागू पडत नाही, तिथं तसं स्पष्ट सांगतो.

तर झालं असं

साल २०२१. ऑक्टोबर महिना. माझं कॉलेज ऑनलाइन चाललेलं, म्हणजे काय चाललेलं ते तुम्हाला माहीतच आहे. माझ्या मामाची एक सहा टायरची गाडी होती, २०१२ चं मॉडेल. मामा स्वतः चालवायचे. त्यांचा किन्नर गावाकडं गेलेला, म्हणून मामा म्हणाले, “घरात बसून मोबाईल बघायलास, त्यापेक्षा चल की बे माझ्यासंगं.” मी निघालो.

माल होता आपला सोलापुरी. चादरी आणि टॉवेलच्या गाठी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून गाठी भरल्या. मालक नवी पेठेतले शेठ, दुकानापासून इथून हाकेच्या अंतरावर. थोडा माल मंगळवेढ्यात उतरवायचा आणि बाकीचा विजापूरला.

आता सोलापूरहून विजापूरला जायचं तर सरळ हायवे आहे, टाकळीला भीमा ओलांडली की कर्नाटक. पण आम्हाला आधी मंगळवेढा होतं. म्हणून कामती, बेगमपूर करत मंगळवेढ्याला गेलो, तिथं माल उतरवला, आणि मग पुन्हा सोलापूरला मागं कशाला यायचं, म्हणून मरवड्यावरून उमदीकडं निघालो. उमदी जत तालुक्यात येतं, सांगली जिल्हा. त्याच्या पुढं कर्नाटक. ज्यांनी तो भाग बघितलाय त्यांना माहीत असेल. मैलोन्‌मैल काळं रान, ज्वारीची शेतं, मध्येच एखादी वस्ती, त्या वस्तीवर एक दिवा. दिवसा छान वाटतं. रात्री अकराला तिथं फक्त तुमचे हेडलाइट असतात आणि तुम्ही असता.

मरवडे मागं पडलं आणि गाडी झटके खायला लागली. मामांनी रेस दिली, गाडी जरा उचलली, परत झटके. मग इंजिन दोनदा हुंदके दिल्यासारखं करून बंद. अकरा वाजून दहा मिनिटं. मी मोबाईल बघितला म्हणून लक्षात आहे. रेंज शून्य.

गाडीच्या आधी रस्ता

मी लगेच टॉर्च काढला आणि बॉनेटकडं धावलो. मामा ओरडले, “कुठं पळायलास? इंजिन कुठं पळून जातंय का? आधी मागं बघ!”

हा पहिला धडा. गाडी बंद पडली की आपलं सगळं लक्ष इंजिनात जातं. पण त्या क्षणी इंजिन मेलेलंच असतं, ते कुणाला मारणार नसतं. मागून ऐंशीच्या स्पीडनं येणारा माणूस मरू शकतो, आणि आपल्यालाही घेऊन जाऊ शकतो.

तुम्ही म्हणाल, गाडी रस्त्याच्या खाली का नाही घेतली? जेवढी जमली तेवढी घेतलीच. वेग होता तोवर मामांनी डावीकडं काढली. पण अर्धी गाडी डांबरावरच राहिली. कारण परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलेला. आपल्याकडची काळी माती वरून सुकल्यासारखी दिसते आणि आतून लोण्यासारखी असते. भरलेल्या गाडीचं चाक साइडपट्टीवरून खाली गेलं की ते रुतत जातं, गाडी एका बाजूला कलते, मग क्रेनशिवाय सुटका नाही. तुमची एसयूव्ही हलकी असली तरी पावसाळ्यात हे लक्षात ठेवा. उतरण्याआधी खाली पाय टाकून बघा.

मग आम्ही काय केलं? चारही इंडिकेटर चालू. हँडब्रेक. मागच्या चाकाला लाकडी गुटका. लाल त्रिकोण होता, पण त्याचा एक पाय मोडलेला. तो उभा राहीना, वाऱ्यानं आडवा व्हायचा. तेव्हा मामा म्हणाले, “दगड आण, फांदी आण.”

हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. रस्त्यात बंद पडलेला ट्रक, आणि त्याच्या मागं रांगेत ठेवलेले दगड, वर बाभळीची हिरवी फांदी. आपल्याकडचा जुना सिग्नल. मी मोबाईलच्या उजेडात दगड गोळा केले. गाडीपासून साठ-सत्तर पावलं मागं, आधी कडेला, मग हळूहळू आतल्या बाजूला येतील असे तिरप्या ओळीत लावले. वर बाभळीच्या दोन फांद्या. मी स्वतःवर खूश होतो. फोटो पण काढला.

डिझेल इंजिन काय सांगतं ते ऐका

मग मामांनी मला शिकवलं ते जसंच्या तसं सांगतो.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा स्पार्क प्लग नसतो. आत हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा पडला की तो आपोआप पेटतो. म्हणजे हवा दाबली जायला हवी आणि डिझेल वेळेवर पोचायला हवं. बंद पडलेल्या गाडीत आधी हेच शोधायचं, यातलं काय अडलंय.

मामा म्हणाले, “सेल्फ मारतो. तू सायलेन्सरकडं बघ, धूर येतोय का सांग.”

सेल्फ जोरात फिरला. म्हणजे बॅटरी ठीक. धूर अजिबात नाही. मामा म्हणाले, “डिझेलच येईना.” कसं कळलं? सेल्फ मारताना पांढरा धूर निघाला तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाहीये. काहीच धूर नाही तर डिझेल पोचतच नाहीये. आणि सेल्फच फिरला नाही, नुसतं टक-टक झालं, तर बॅटरी किंवा तिच्या वायरी बघा. एवढं फोनवर मिस्त्रीला सांगता आलं तरी त्याचं अर्धं काम होतं. “गाडी बंद पडली” म्हणून त्याला काही कळत नाही. “सेल्फ चांगला फिरतोय, धूर नाही” म्हटलं की तो काय सामान घेऊन निघायचं ते ठरवतो.

टाकीत डिझेल होतं, काठी घालून बघितलं. काट्यावर विश्वास ठेवायचा नसतो म्हणे. फिल्टर मामांनी महिन्यापूर्वीच बदललेला. मग टाकीपासून नळी चाचपत गेले. टाकीकडून फीड पंपाकडं येणारी रबरी नळी, तिच्या टोकाला क्लिपच्या शेजारी बारीक चीर पडलेली. पण खाली डिझेल सांडलेलं नव्हतं. मी म्हटलं, “मामा, चीर असती तर गळालं नसतं का?”

मामा म्हणाले, “या नळीतून पंप डिझेल ओढतो. ओढताना चिरेतून डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. म्हणून दिसत नाही.”

याला आपल्याकडं म्हणतात एअर धरणं. डिझेल दाबलं तर दबत नाही, ते पुढं ढकललं जातं. हवा दाबली तर दबते, फुग्यासारखी. पंप ढकलतोय, नळीतली हवा नुसती दबतेय, सुटतेय, आणि नोझलपर्यंत जोरच पोचत नाहीये. इंजिन उपाशी.

मध्ये एक फोन

आता इथं एक दुसरं संकट होतं. ई-वे बिल.

ज्यांच्या घरी धंदा आहे त्यांना माहीत आहे. माल दुसऱ्या राज्यात न्यायचा आणि किंमत ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं, आणि त्याला मुदत असते. जानेवारी २०२१ पासून साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस. आमचं बिल आदल्या दिवशी काढलेलं, हमाल वेळेवर मिळाले नाहीत म्हणून गाडी उशिरा निघाली. मुदत संपणार त्याच रात्री बारा वाजता. बिल संपलेलं असताना गाडी तपासणीत सापडली तर माल अडकतो, दंड बसतो. दिवाळीचा माल! शेठनी विश्वासानं दिलेला.

मी घाबरलो. मामा नळी कापायला चाकू शोधत होते. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून टॉर्च हलत आला. वस्तीवरचे एक वयस्कर काका. कुत्री भुंकली म्हणून बघायला आलेले. त्यांनी कानडीत विचारलं, मामांनी कानडीत उत्तर दिलं. सोलापूरचा ड्रायव्हर म्हणजे मराठी, कानडी, तेलुगू, हिंदी सगळं थोडं थोडं आलंच. मी फक्त एवढंच विचारलं, “काका, इथं रेंज कुठं येते?” ते म्हणाले, “त्या पाण्याच्या टाकीपाशी जा. तिथं पोरं बसतात मोबाईल घेऊन.”

हे कायम लक्षात ठेवा मंडळी. अनोळखी गावात रेंज कुठं येते ते नकाशाला माहीत नसतं, वस्तीवरच्या माणसाला माहीत असतं.

दहा मिनिटं चालत गेलो. दोन कांड्या रेंज आली. नवी पेठेतल्या दुकानाच्या मुनीमकाकांना फोन लावला. झोपेतून उठले बिचारे. मी घाईघाईनं सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, “बारा वाजले म्हणून लगेच आभाळ कोसळत नाही. मुदत संपायच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास, बिल वाढवता येतं. तू फक्त गाडी कुठं उभी आहे, तिथला पिनकोड आणि राहिलेलं अंतर पाठव. कारणात गाडी बिघडली म्हणून टाकतो.” पिनकोड मी त्या टॉर्चवाल्या काकांनाच विचारला होता म्हणून बरं. वीस मिनिटांत नवीन मुदतीचा मेसेज आला.

यातून मी एक गोष्ट शिकलो. गाडी अडकली की दोन कामं असतात, एक गाडीचं आणि एक माणसांना कळवायचं. घरी, मालकाला, जिथं पोचायचंय तिथं. तुम्ही ट्रिपला निघालात तरी तेच. हॉटेलवाल्याला फोन करा, आईला फोन करा. “उशीर होणारे, आम्ही ठीक आहोत, अमुक गावाजवळ आहोत.” एवढ्या एका वाक्यानं तिकडची रात्र सोपी जाते.

एअर काढली!

परत आलो तोवर मामांनी नळीचं चिरलेलं टोक इंचभर कापून टाकलं होतं. उरलेली नळी जरा ताणून परत बसवली, क्लिप आवळली, आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली. ट्रकच्या टूलबॉक्समध्ये ट्यूबची पट्टी, तार, चाकू आणि कपडा नसेल तर तो ट्रक नव्हेच.

मग मला म्हणाले, “आता तू कर. मी सांगतो.”

फिल्टरच्या डोक्यावर एक एअरचा स्क्रू असतो, तो पान्यानं थोडा ढिला केला. फीड पंपावर एक हातपंप असतो, तो वर-खाली मारत राहिलो. स्क्रूपाशी आधी नुसता फेस आला, पांढरट, बुडबुड्यांचा. मारत राहायचं. अंगठा दुखायला लागला. मग फेस कमी झाला, आणि एकदम स्वच्छ, अखंड डिझेल यायला लागलं. हातपंप मारता मारताच स्क्रू आवळायचा, नाहीतर परत हवा जाते. तसंच मोठ्या पंपाच्या स्क्रूला. मग नोझलकडं जाणाऱ्या नळ्यांचे नट एक-एक आटा ढिले केले, मामांनी सेल्फ मारला, तिथून डिझेलच्या पिचकाऱ्या उडाल्या, नट आवळले.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारायचा नाही. मग अर्धा मिनिट तरी थांबायचं. नाहीतर सेल्फ तापतो, बॅटरी बसते, आणि मग खरोखर सकाळपर्यंत बसा.

हे लिहायला दोन परिच्छेद लागले, आम्हाला तीन तास लागले. कारण पहिल्यांदा पट्टी नीट बसली नव्हती, परत हवा धरली, परत सगळं पहिल्यापासून. चार वाजायला आले होते. पाचव्या की सहाव्या सेल्फला इंजिन एका सिलिंडरवर फडफडलं, मग दोन, आणि मग घर्रर्र करून सगळं एकदम लागलं. मित्रांनो, त्या आवाजासारखा आवाज नाही. माझे हात कोपरापर्यंत डिझेलमध्ये, डोळ्यात झोप, आणि मी रस्त्यावर नाचत होतो. माझ्या हातानं चालू झालेली गाडी!

मामांनी ब्रेकची हवा भरेपर्यंत थांबवलं, काटा वर आला, गुटका काढला, त्रिकोण आत टाकला, निघालो.

आणि मग

सहा-सात किलोमीटर गेलो असू. मी बोलतच होतो, कसा फेस आला, कसं डिझेल आलं. मामा मध्येच म्हणाले, “दगड काढलास ना बे?”

मी गप्प.

मामांनी काही म्हटलं नाही. पण भरलेला ट्रक त्या अरुंद रस्त्यावर वळवता येईना, कडेला काळी माती. पुढं एक फाटा लागेपर्यंत जावं लागलं. तिथं वळवली आणि परत. मी आयुष्यात इतका लांब रस्ता बघितला नाही.

लांबून हेडलाइटमध्ये दिसलं. कडेला एक मोटरसायकल आडवी. एक माणूस वाकून दगड उचलून कडेला ठेवत होता.

दूधवाला होता. पहाटेचं दूध डेअरीला घेऊन निघालेला. त्याच्या एका कॅनचं झाकण उडून दूध रस्त्यावर पसरलेलं. कोपर सोललेलं, पँट गुडघ्यावर फाटलेली. ट्रक होता तोवर ट्रकचे इंडिकेटर लांबून दिसत होते, तेव्हा दगडांना अर्थ होता. ट्रक गेल्यावर तिथं दिवा नाही, काही नाही, अंधारात नुसते दगड. फांद्या पण वाऱ्यानं बाजूला झालेल्या.

आम्ही उतरलो. मला वाटलं आता शिव्या देईल, मारेल. तो आमच्याकडं बघून म्हणाला, “चालू झाली का गाडी तुमची?”

मी उत्तर देऊ शकलो नाही. अजून आठवलं की तसंच होतं.

मामांनी हात जोडले. पाण्यानं कोपर धुतलं, फर्स्ट एड बॉक्समधलं औषध लावलं, डोकं, मनगट, गुडघा सगळं हलवून बघायला लावलं. नशीब, हाड वाचलं होतं. मामांनी खिशातले पैसे काढले. त्यानं मोजून दुधाचेच घेतले. म्हणाला, “दुधाचा हिशेब द्यावा लागतो. बाकीचे ठेवा.” मग आम्ही तिघांनी राहिलेले दगड उचलले. एकूण चौदा होते. त्यानं एकट्यानं नऊ उचलले होते, पडल्यानंतर. मागून येणाऱ्यासाठी.

ज्या माणसाला मी पाडलं, त्यानं माझं राहिलेलं काम केलं होतं.

आता कायद्याचं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२२. दुसऱ्याला धोका होईल किंवा अडथळा होईल अशा अवस्थेत गाडी सार्वजनिक जागी सोडून देता येत नाही. कायद्यात गाडी लिहिलीय. पण मी त्या रात्री गाडी घेऊन गेलो आणि धोका तिथंच सोडून गेलो.

विजापूरला माल वेळेत पोचला. शेठना कधी कळलंही नाही. मामांनी घरी कुणाला सांगितलं नाही. फक्त पुढच्या वेळी गाडीत बसलो तेव्हा डॅशबोर्डवर खडूनं लिहिलेलं होतं, “दगड”.

तुमच्या गाडीसाठी

बरं, आता तुमच्या कामाचं. वही काढा, किंवा स्क्रीनशॉट काढा.

एक. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. तुमची डिझेल गाडी या काळातली असेल तर ती कॉमन रेलची आहे. मी वर सांगितलेलं नट ढिले करायचं काम तिच्यावर कधीही करायचं नाही. त्या नळ्यांमध्ये हजार-दीड हजार बारच्या पुढचा दाब असतो. ती धार कातडीत घुसते आणि हात गमावण्याची वेळ येते. अशा गाडीत फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो मारायचा. इलेक्ट्रिक पंप असेल तर सेल्फ न मारता चावी फक्त ऑन करून थोडं थांबायचं, बंद करायची, असं काही वेळा करायचं. गाडीचं पुस्तक निघायच्या आधी मोबाईलमध्ये डाउनलोड करून ठेवा, कारण तिकडं रेंज नसेल.

दोन. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत वेगळी निळ्या झाकणाची टाकी असते. आपण तिला युरियाची टाकी म्हणतो. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी असतं, धुरातला विषारी वायू कमी करायला. हे संपलं की गाडी आधी इशारा देते, मग ताकद कमी करते, काही गाड्या बंद केल्यावर परत चालूच होत नाहीत. लोकांना वाटतं इंजिन गेलं. इंजिन ठणठणीत असतं. त्यात नळाचं पाणी घालून जुगाड करू नका, हजारोंचा खर्च होईल. निघताना भरून घ्या.

तीन. पंपावर चुकून पेट्रोल भरलं गेलं तर चावी फिरवूच नका. गाडी ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करून घ्या. चालू केली की पंप आणि नोझल दोन्ही जातात.

चार. माणसं कुठं उभी राहतात ते बघा. गाडीच्या मागं नाही, रस्त्याच्या बाजूला नाही. डावीकडं, रस्त्यापासून लांब, गाडीच्या जरा पुढच्या अंगाला. आणि बंद गाडीच्या खाली किंवा सावलीत झोपायचं नाही. ट्रकवाले किन्नर असे गेलेत, मी उगाच सांगत नाही.

पाच. लाल त्रिकोण चांगला घ्या आणि निघायच्या आधी उघडून बघा, उभा राहतो का. सरळ रस्त्यावर किमान शंभर पावलं मागं लावा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडं, म्हणजे माणूस वळायच्या आधी त्याला दिसेल. लावायला जाताना टॉर्च हातात, आणि चालायचं ते कडेनं.

सहा. नंबर पाठ करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३. कुठंही आणीबाणी असेल तर ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८.

सात, आणि यासाठीच आजचा भाग. रस्त्यावर काही ठेवायची वेळ आलीच, दगड, फांदी, कुंडी, बादली, काहीही, तर मोजून ठेवा. चौदा ठेवले तर चौदा उचलायचे. मी तर आता मोबाईलमध्ये आकडा लिहितो, ‘दगड १४’, आणि त्याला गजर लावतो. हसू नका. गाडी चालू झाल्यावर माणसाला इतका आनंद होतो की त्या आनंदात तो सगळं विसरतो. मी विसरलो होतो. त्यामुळं नियम असा ठेवा, इंजिन चालू झालं की एक जण स्टिअरिंगवर, एक जण मागं चालत जाणार. तो हात वर करेपर्यंत गाडी हलणार नाही.

आणि दुसऱ्या कुणाचे सोडून गेलेले दगड रस्त्यात दिसले, तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि बाजूला करा. दोन मिनिटं लागतात. मी त्या रात्रीनंतर किती वेळा थांबलोय याचा हिशेब ठेवला नाही. तो हिशेब फिटणारा नाहीच.

चला, बाहेर शटर ओढायला सुरुवात झालीय, ऐकू येत असेल. तुमच्यासोबत असं काही घडलं असेल, गाडी कुठं बंद पडली, कुणी मदत केली, तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. फक्त गाडी चालवताना रेकॉर्ड करू नका, एवढी विनंती. हा भाग त्या मित्राला पाठवा जो या दिवाळीत डिझेल गाडी घेऊन निघणार आहे.

नीट जा, नीट या. भेटू पुढच्या शुक्रवारी. नमस्कार!